गळा की स्टुडिओ? आपल्या भागातली गाणी आणि रेकॉर्डिंगमागची माणसं

कृष्णाकाठ (सांगली)

यंदाच्या जत्रांच्या हंगामात एक वाक्य सारखं कानावर पडत होतं, म्हणून हा धागा काढतोय. "हल्ली काय, सगळं स्टुडिओतच होतंय. गळा लागतोय कुणाला?" आरेवाडीच्या बिरोबाचं गाणं असो, म्हसवडच्या सिद्धनाथाचं असो, नाहीतर कुस्तीच्या मैदानासाठी केलेलं असो, गाणं युट्यूबवर चाललं की खाली हे ठरलेलंच.

मी सांगलीत अरेंजिंग आणि मिक्सिंग करतो, त्यावरच घर चालतं. या बोलण्यात गाण्याबद्दलचाच एक मोठा गैरसमज आहे असं मला मनापासून वाटतं. ध्वनिमुद्रित गाण्याला आपण बैठकीतल्या किंवा फडावरच्या गाण्याची नक्कल समजतो. पण ती वेगळी कलाकृती आहे, आणि पहिल्या तबकड्यांपासून ती तशीच आहे.

१९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान ध्वनिमुद्रणाला उभी राहिली तेव्हा तिच्यापुढे माइक नव्हता, कर्णा होता. तबकडीच्या एका बाजूला मावायची जेमतेम तीन मिनिटं. तासभर गाणाऱ्या कलाकाराला आधीच ठरवावं लागायचं, आलाप किती, मुखडा कितीदा, तान कुठे. आपल्या पलूस तालुक्यातल्या नागठाण्याचे बालगंधर्व घ्या. रंगभूमीवर एकेका पदाला वन्समोअरवर वन्समोअर, प्रत्येक वेळी नव्या जागा. तेच पद तबकडीवर तीन-सव्वातीन मिनिटांत संपायचं. आज आपण बालगंधर्व म्हणून ऐकतो ते हे तीन मिनिटांचे बालगंधर्व. काय ठेवायचं, काय गाळायचं हे कुणीतरी बसून ठरवलेलं आहे. स्टुडिओचं काम तिथूनच सुरू होतं.

१९२५च्या सुमाराला विजेवरचा मायक्रोफोन आला आणि गाण्याची रीतच बदलली. कर्ण्यात आवाज फेकावा लागायचा, माइकपुढे हळुवार गायलेलंही टिपलं जाऊ लागलं. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३०च्या दशकातल्या तबकड्या ऐका. तो बारीक, ओला, कातर आवाज कर्ण्याच्या काळात असा पोचला असता? मला नाही वाटत.

पुढे टेप आली आणि तुकडे जोडता येऊ लागले. बीटल्स या इंग्लिश बँडने १९६६च्या ऑगस्टनंतर जाहीर दौरे बंद केले आणि लंडनच्या स्टुडिओत मुक्काम ठोकला. त्यांच्या एका गाण्याचे दोन टेक झाले होते, पट्टी वेगळी, लयही वेगळी. त्यांच्यातल्या जॉन लेननला एकाची सुरुवात आवडली, दुसऱ्याचा पुढचा भाग. प्रोड्युसर जॉर्ज मार्टिन आणि रेकॉर्डिस्ट जेफ एमरिक यांनी टेपचा वेग कमी-जास्त करून दोन्ही एका सुरावर आणले आणि कापून जोडले. ते गाणं आपण ऐकतो तसं कुठल्याही मंचावर कधीच गायलं गेलं नव्हतं. म्हणून ते खोटं का?

आपल्या भागात गायकाचं आणि गीतकाराचं नाव बॅनरवर असतं, क्वचित संगीतकाराचं. अरेंजर, रेकॉर्डिस्ट, ढोलकीवाला यांचं नाव शोधूनही सापडत नाही. तुम्हाला काय वाटतं, आणि तुमच्याकडे काय अनुभव आहे?

हलगी_कराड

दादा, इतिहास पटला. पण लोक चिडून बोलतात त्यामागेही कारण आहे. तुम्ही बीटल्सचं उदाहरण देताय, आणि आमच्याकडे होतंय काय? चार माणसं जाऊन त्यांच्या जागी एक लूप आलाय, म्हणजे तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजणारा. हलगीचा एकच नमुना, कुठल्यातरी सॅम्पल पॅकमधून घेतलेला, पाच-पंचवीस गाण्यांत तोच. पालीच्या खंडोबाचं गाणं आणि लग्नाच्या वरातीचं गाणं, दोन्हीकडे हलगी अगदी सारखी वाजते. कान असलेल्या माणसाला ते लगेच कळतं.

हलगी म्हणजे काय ते सांगतो. वाजवायच्या आधी ती जाळावर धरून तापवायची. कातडं ताणलं की आवाज चढतो, थोड्या वेळाने उतरायला लागतो, की पुन्हा तापवायची. एका हातात आखूड जाड काठी, दुसऱ्या हातात लवलवती बारीक काडी. कडकडाट त्या काडीचा. आणि गाणाऱ्याचा श्वास बघून आम्ही लय किंचित पुढे रेटतो. ते रेटणं लूपमध्ये कुठून येणार? क्लिकवर, म्हणजे कानातल्या ठरलेल्या टिकटिकीवर, वाजवायला लावलं की निम्मा जीव तिथेच जातो.

माझी तक्रार तंत्राबद्दल नाही, वादक घराबाहेर पडेनासा झालाय त्याबद्दल आहे.

कृष्णाकाठ (सांगली)

हलगी_कराड भाऊ, तुमचं शंभर टक्के खरं आहे, आणि माझ्या म्हणण्याच्या विरोधातही नाही. लूप लावणं हा स्टुडिओतला आळस आहे. स्टुडिओ नीट वापरला तर तुमचं ते रेटणं जसंच्या तसं ठेवता येतं.

मी काय करतो ते लिहितो. गायक आणि हलगी आधी एकत्र घेतो, क्लिक न देता. मग सॉफ्टवेअरमध्ये त्या वाजवण्यावरून टेम्पो मॅप, म्हणजे लय कुठे किती चढली-उतरली याचा नकाशा, काढतो. म्हणजे क्लिक वादकाच्या मागे चालतो, वादक क्लिकच्या मागे नाही. नंतर येणारा कीबोर्ड, बास, कोरस सगळं त्या हलत्या लयीला धरून बसतं. वेळ जास्त जातो, पण अंतऱ्यानंतर मुखड्यावर येताना जी उचल मिळते ती लूपवर मिळत नाही.

माइकबद्दलही एक. हलगीला माइक चिकटवून लावतात आणि मग आवाज फाटला म्हणून मोठे आवाज दाबणारा कॉम्प्रेसर चढवतात. तिची पहिली टिपेची ठोक फार तीक्ष्ण असते. माइक पाच-सहा फूट मागे घ्या, थोडा बाजूला वळवा, गेन (माइकचा आवाज वाढवण्याचं प्रमाण) उतरवा. कातड्याबरोबर खोलीही ऐकू येते आणि हलगी हलगीसारखी वाटते. शेगडी मात्र बाहेर ठेवा, आत धूर झाला की गायक खोकतो. आमच्याकडे मागच्या दाराशी असते, वादक दोन टेकच्या मध्ये तापवून येतो.

नवखा_तासगाव

छान चाललंय, वाचतोय. मी घरीच गाणी करतो. अरेंजर, रेकॉर्डिस्ट, मिक्सिंग, मास्टरिंग, प्रोड्युसर हे सगळे शब्द आमच्याकडे एकाच माणसाला लावतात. नेमकं कोण काय करतं ते कुणी सांगेल का?

कृष्णाकाठ (सांगली)

छोट्या गावात एकच माणूस सगळं करतो, त्यामुळे सरमिसळ होते. संगीतकार चाल देतो. त्या चालीला कुठलं वाद्य, कुठे, किती, सुरुवातीला काय, मधल्या जागेत काय, कोरस कुठे उचलायचा हे अरेंजर ठरवतो. रेकॉर्डिस्ट माइक निवडतो, ठेवतो, टेक घेतो. मिक्सिंगमध्ये सगळे ट्रॅक एकमेकांशी जुळवायचे: कोण पुढे, कोण मागे, कोण डावीकडे, कुणावर किती रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा). मास्टरिंग हा शेवटचा टप्पा, तयार मिक्स सगळ्या स्पीकरवर नीट वाजेल असा करायचा. आणि प्रोड्युसर म्हणजे हे गाणं शेवटी कसं ऐकू यायला हवं याचं चित्र ज्याच्या डोक्यात आहे तो. आपल्याकडे पैसे घालणाऱ्यालाही प्रोड्युसरच म्हणतात, त्यामुळे विचारून घ्यावं.

यातला अरेंजर हिंदी-मराठी सिनेसंगीतात सगळ्यात झाकलेला राहिला. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागे सेबॅस्टियन डिसूझा होते. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन असे गोव्याकडचे वादक-अरेंजर नसते तर त्या काळच्या हिंदी गाण्यात व्हायोलिनांचा तो ताफा तसा वाजलाच नसता. मराठीत अनिल मोहिले यांचं काम आठवा. गाणं सुरू व्हायच्या आधीचा जो तुकडा आपण गुणगुणतो, तो बऱ्याचदा अरेंजरचा असतो आणि आपण त्याचं श्रेय चालीला देऊन मोकळे होतो.

मिरजकर

मी वाद्यं बनवणाऱ्या घरातला, त्यामुळे माझा मुद्दा तंबोऱ्याचा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, कौतुक झालं, चांगलं झालं. पण अभंगाच्या, भावगीतांच्या नव्या रेकॉर्डिंगमध्ये खरा तंबोरा किती वेळा येतो ते सांगा. मोबाइलचं ॲप लावतात आणि काम भागवतात.

खरा तंबोरा आणला तरी पुढे काय होतं? घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावलेली असते. त्या एका दोऱ्याच्या जागेवर तारेतून निघणारे सगळे वरचे स्वर अवलंबून. ती जवारी लावायला कारागिराचा अर्धा दिवस जातो. मग एक पोरगा कॉम्प्युटरवर नॉइज रिडक्शन लावतो आणि तंबोरा पुसून टाकतो. त्या सॉफ्टवेअरचा स्वभावच असा आहे: जे सतत एकसारखं वाजतंय ते पंख्याचा आवाज समजून काढायचं. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शिकवण्या घेणाऱ्यांना हाच त्रास झाला होता. व्हिडिओ कॉलवर शिष्याला गुरूचा आवाज यायचा, तंबोरा गायब. सेटिंगमध्ये जाऊन ओरिजिनल साउंड चालू करावा लागायचा.

तेव्हा कृष्णाकाठ, तुमचा स्टुडिओ जोडतो तसा पुसतोही. त्याची जबाबदारी कोण घेणार?

स्वरगंधा_सातारा

मिरजकर काका, अगदी मनातलं बोललात. मी साताऱ्यात गाणं शिकवते. माझा राग ऑटोट्यूनवर, म्हणजे गायकाचा स्वर आपोआप दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरवर आहे, आणि त्याचं कारण नुसतं 'कृत्रिम वाटतं' इतकं ढोबळ नाही.

हे सॉफ्टवेअर १९९७ साली आलं. काढणारे अँडी हिल्डेब्रँड, तेलाच्या शोधासाठी जमिनीखालच्या लहरींचं विश्लेषण करण्याच्या क्षेत्रातले. त्याच गणिताने त्यांनी आवाजाची स्वरपट्टी ओळखली. १९९८ साली शेर या पाश्चात्त्य गायिकेच्या एका गाण्यात ते मुद्दाम टोकाला नेऊन वापरलं आणि जगभर ती फॅशन झाली. तिथे ते शोभलं, कारण तिथे तो परिणामच हवा होता.

आपल्याकडे काय होतं? ते सॉफ्टवेअर सप्तकाचे बारा समान भाग धरतं आणि गायकाचा स्वर जवळच्या खुंटीला नेऊन बांधतं. मींड म्हणजे दोन स्वरांमधला प्रवास, त्या प्रवासाच्या पायऱ्या होतात. दरबारी रागातला आंदोलित, म्हणजे हेलकावे घेणारा गंधार सरळ उभा राहतो. अभंगात गायक मुद्दाम किंचित उतरता स्वर लावून आर्तता आणतो, ती चूक समजून दुरुस्त केली जाते.

आणि हे कुठे चाललंय? ज्या सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवलांनी बावीस श्रुतींचा, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांचा, हिशेब मांडला, १९१० साली त्यावर पुस्तक काढलं, त्या सांगलीच्या आजूबाजूला. त्यांच्या श्रुतींच्या प्रयोगांत अब्दुल करीम खाँसाहेबांनी स्वर लावून दाखवले होते. पुढे ई. क्लेमेंट्स या आयसीएस अधिकाऱ्याबरोबर श्रुतींची पेटी बनवण्यापर्यंत ते काम गेलं. विद्वानांचे त्यावर वाद झाले, होऊ देत. पण आपल्या भागात एका निवृत्त डेप्युटी कलेक्टरने दोन स्वरांमधल्या अंतरासाठी आयुष्यातली वर्षं घातली, आणि त्याच भागात आज एक बटण दाबून ते अंतर मिटवलं जातंय. मला हे बघवत नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

ताई, देवलांची आठवण काढलीत, फार बरं वाटलं. आता तंत्राच्या बाजूने एक सांगतो, कारण तुमच्या विद्यार्थ्यांना रेकॉर्डिंगच्या वेळी उपयोगी पडेल.

पिच करेक्शन दोन पद्धतींनी करता येतं. एक आपोआप: स्केल निवडलं, वेग शून्यावर नेला, सोडून दिलं. तुम्ही वर्णन केलंत ते सगळं यात होतं. दुसरी पद्धत आलेखाची. गायकाचा प्रत्येक स्वर पडद्यावर रेघेसारखा दिसतो. मींड चढताना दिसते, आंदोलन लाटेसारखं दिसतं. त्यातला फक्त जो स्वर खरोखर घसरलाय तेवढा उचलायचा, बाकीच्याला हात लावायचा नाही. मींडेचा शेवट धरायचा, वाट तशीच ठेवायची. एका गाण्याला तास-दीड तास लागतो. गायकाने शेजारी बसावं आणि "हा राहू दे" म्हणून सांगावं. तुमच्या विद्यार्थ्यांना सांगा, रेकॉर्डिंग संपलं की चहा पिऊन निघून जाऊ नका, एडिटिंगला बसा.

मिरजकर काका, जबाबदारीचं विचारलंत. ती माझी, म्हणजे मिक्स करणाऱ्याची. खोलीत पंखा-एसी बंद ठेवून घेतलं तर नॉइज रिडक्शनची गरजच पडत नाही. एप्रिल-मे महिन्यात घाम गाळावा लागतो, पण पर्याय नाही.

डफतुणतुणं (वाई)

माझ्या घरात शाहिरी आहे. आमच्या तालुक्यातल्या पसरणीचे शाहीर साबळे, त्यांच्या आवाजावर आमच्याकडच्या पिढ्या वाढल्या. म्हणून हे लिहितोय.

जुन्या एक-माइकच्या काळात मिक्सिंग होतंच, फक्त ते पायांनी व्हायचं. मुख्य शाहीर माइकजवळ, डफवाला दोन पावलं मागे, तुणतुणं बाजूला, मागून साथीला गाणारे झीलकरी त्याहून मागे. 'जी रं जी' जोरात हवं असेल तर झीलकऱ्यांनी पाऊल पुढे टाकायचं, शाहिराने किंचित मागे सरकायचं. चुकलं की सगळ्यांनी पहिल्यापासून. ही शिस्त फडावरच्या शिस्तीपेक्षा वेगळी होती आणि ती शिकायला लागायची.

याचं सगळ्यात देखणं उदाहरण १९४९ सालच्या 'महल' सिनेमातलं. गाणं दुरून जवळ येतंय असं वाटायला हवं होतं. माइक खोलीच्या मध्यावर ठेवला आणि लताबाई कोपऱ्यातून गात गात माइककडे चालत आल्या. ना रिव्हर्बचं बटण, ना फेडर. त्यांचं बालपण सांगलीतलं आणि आशाबाई तर जन्मानेच सांगलीच्या, त्यामुळे आपल्याला जास्तच जिव्हाळा, पण कौतुक करायचं ते या युक्तीचं. पाय पुढे टाकताना दम लागू न देता सूर धरून ठेवायचा, हे गळ्याचं काम. किती पावलांवर काय ऐकू येईल हे ठरवणं रेकॉर्डिंगचं. यातलं काय काढून टाकाल?

म्हणून माझ्या मते 'गळा की स्टुडिओ' ही निवडच चुकीची आहे.

हलगी_कराड

+१. झीलकऱ्यांचं अगदी बरोबर. आता कोरस म्हणजे एकच पोरगा चारदा गातो आणि चार ट्रॅक एकावर एक ठेवतात. चार गळे आणि एक गळा चारदा यात फरक पडतोच.

माणदेशी (म्हसवड)

मंडळी, तुम्ही सगळे चांगल्या स्टुडिओचं बोलताय. आमच्याकडची पोरं कुठून सुरुवात करतात ते सांगतो. एक यूएसबी माइक, एक लॅपटॉप, आणि घरातली एक खोली. भिंती पक्क्या, पत्र्याचं छप्पर. आवाज घुमतो म्हणून कुणीतरी सांगितलं अंड्याचे ट्रे लावा. लावले. दिसायला स्टुडिओ झाला, आवाज जसाच्या तसा. ट्रेचा पुठ्ठा इतका पातळ की फार तर वरची किनार थोडी मरते, बाकी सगळं भिंतीवरून परत येतं. बाहेरून जाणारा ट्रॅक्टर तर थेट आत.

आमच्याकडे माणदेशी घोंगडी घरोघरी. मेंढीची लोकर, जाड विणीची. मी गायकाच्या मागच्या भिंतीपासून वीतभर अंतर सोडून दोरीवर दुहेरी घोंगडी टांगली, दोन्ही बाजूंना एकेक, डोक्यावर एक. खाली सतरंजी. इतका फरक पडला की गावातले गायक आता शहरात न जाता व्हॉइस इथेच डब करतात. अंतर सोडणं महत्त्वाचं, भिंतीला चिकटवून टांगली तर निम्माच उपयोग. खालचा जाड आवाज घोंगडीने मरत नाही हेही खरं, त्यासाठी कोपऱ्यांत गाद्या उभ्या केल्या.

ए. आर. रहमान यांनी १९८९ साली चेन्नईत घरालगत स्टुडिओ बांधला आणि १९९२ला पहिल्याच सिनेमाने देशाचे कान बदलले. त्यांच्याकडे जी साधनं होती ती आमच्याकडे नाहीत. पण रात्र-रात्र बसून एकेक आवाज शोधता येणं, तासाचं भाडं न मोजता, हे घरच्या खोलीतच मिळतं.

कृष्णाकाठ (सांगली)

माणदेशी, घोंगडीचा फोटो टाका ना. हे सगळ्यांना उपयोगी आहे. भाड्याचा मुद्दा तर फार मोलाचा. १९७५च्या 'शोले'मधल्या एका गाण्यासाठी आर. डी. बर्मन यांच्या मंडळींनी बाटल्यांत फुंकर मारून ताल धरला. असलं सुचायला आणि करून बघायला मोकळा वेळ लागतो.

नवखा_तासगाव

सर, एक शंका. माझं मिक्स हेडफोनवर भारी वाटतं. मोबाइलवर ढोलकीचा बाया (जाड आवाजाची बाजू) ऐकूच येत नाही, आणि गावात मिरवणुकीत डॉल्बीवर लावलं तर बाकी काहीच ऐकू येत नाही, नुसतं धडधडतं. काय करावं?

कृष्णाकाठ (सांगली)

हा आपल्या भागातल्या प्रत्येकाचा प्रश्न आहे, कारण आपली गाणी या दोन टोकांवरच वाजतात.

मोबाइलचा स्पीकर नखाएवढा. साधारण दोनशे हर्ट्झच्या खालचं त्यातून जवळजवळ येतच नाही. बायाचा घुमारा त्याच्या खाली असतो, म्हणून गायब. उपाय म्हणजे बाया मोठा करणं नव्हे. त्याच्यावर हलकं सॅच्युरेशन (आवाज किंचित फाडणारा इफेक्ट) टाका, म्हणजे वरचे स्वरांश तयार होतात आणि छोट्या स्पीकरवरही कान घुमारा ओळखतो. दोन माइकने ढोलकी घेत असाल तर एकाचा फेज, म्हणजे आवाजाच्या लहरीची दिशा, उलटून ऐकून बघा. दोन्ही तोंडांची कातडी उलट-सुलट हलतात, दोन माइक एकमेकांना खाऊन टाकतात आणि बाया पातळ होतो.

डॉल्बीवर उलट होतं. तिथे खालचा भाग आधीच राक्षसी वाढवलेला असतो. तुमच्या मिक्समध्ये तीस-चाळीस हर्ट्झच्या खाली कचरा पडलेला असेल तर तोच भिंत हलवतो. तो कापून टाका. बास आणि किक (ड्रमचा खालचा ठोका) एकाच जागी बसत असतील तर एकाला सरकवा.

आणि मास्टर करताना लिमिटर (आवाजाची टोकं दाबून गाणं मोठं करणारं साधन) ठेचू नका. युट्यूब साधारण उणे चौदा एलयूएफएसच्या (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) वरची गाणी स्वतःच खाली आणतं. ठेचलेलं गाणं तिथे चपटंच ऐकू येतं, मोठं नाही. हलगीची ठोक गेली ती गेली.

मिरवणुकीत हे लावायचं का, किती मोठ्यानं लावायचं हा विषय वेगळा. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि आपल्या मिरवणुका त्याच्या कितीतरी पलीकडे जातात. माझं स्वच्छ मत आहे की आपल्या गाण्यांचं सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं. वयोवृद्धांचे हाल होतात ते तर आहेच.

स्वरगंधा_सातारा

याच्याशी पूर्ण सहमत. आमच्या राजवाडा भागात गणपतीत आठवडाभर डोकं धरून बसायची वेळ येते.

वकील_विटा

नावाच्या श्रेयाबद्दल मूळ धाग्यात विचारलंय, त्यावर कायद्याची बाजू. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता, ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. मुदत प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांच्या रॉयल्टीच्या वाट्याला संरक्षण मिळालं, आणि गायक-वादकांच्या परफॉर्मर म्हणून असलेल्या हक्कांनाही बळ मिळालं. अरेंजर आणि मिक्सिंग करणारा यांच्यासाठी मात्र असं वेगळं काही नाही. त्यांचं जे काही ते करारावर.

त्यामुळे काम सुरू करण्याआधी कागदावर तीन-चार ओळी लिहून घ्या: पैसे किती, कधी, नाव कुठे आणि कसं येणार, आणि मल्टिट्रॅक फाइली, म्हणजे प्रत्येक वाद्याचं वेगळं रेकॉर्डिंग, कुणाकडे राहणार. व्हॉट्सॲपवरचा होकारही काहीच नसण्यापेक्षा बरा.

हलगी_कराड

वकीलसाहेब, हे आधी कळायला हवं होतं. एका कंपनीसाठी वाजवलेली माझी हलगी दुसऱ्या तीन गाण्यांत ऐकलीय. माझीच हलगी, माझाच हात, ओळखू येतो. नाव नाही, पैसे नाहीत. विचारलं तर म्हणाले, "ट्रॅक आमचा आहे." कागद नव्हताच, त्यामुळे पुढे बोलणं खुंटलं.

वकील_विटा

वाईट झालं. यापुढे 'या एका गाण्यासाठीच' हे शब्द लिहून घेतल्याशिवाय वाजवू नका. आणि मूळ रेकॉर्डिंग, तारखा, मेसेज जे असेल ते जपून ठेवा. फोनवर बोलू, निरोप टाकतो.

मिरजकर

फाइलींवरून आठवलं. २०१९च्या पुरात सांगली-मिरजेकडच्या कितीतरी घरांतल्या जुन्या कॅसेटी आणि वह्या भिजून गेल्या. उरुसातल्या बैठका, भजनी मंडळांची रेकॉर्डिंगं. ज्यांच्याकडे अजून शिल्लक आहे त्यांनी एक प्रत कॉम्प्युटरवर आणि एक दुसऱ्या गावी ठेवावी. कॅसेट वाजवायच्या आधी हेड स्पिरिटने पुसा आणि भिजलेली टेप लगेच यंत्रात घालू नका.

आणि कृष्णाकाठ, तंबोरा मी देतो. जवारी लावून देतो. तुमच्या पुढच्या अभंगाला ॲप लावू नका.

कृष्णाकाठ (सांगली)

काका, ठरलं. पट्टी काळी दोन, गायिका आहे. माइक घोडीपासून दीड फुटावर, तंबोरा आधी एकटा घेणार आणि गायिकेच्या हेडफोनमध्ये तोच जाणार.

डफतुणतुणं, तुमचे झीलकरी असतील तर त्यांनाही घेऊन या. चौघं एका माइकभोवती उभे करतो आणि पुढे-मागे सरकवून बसवतो. २०१६ साली अजय-अतुलनी 'सैराट'चा वाद्यवृंद घेण्यासाठी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजपर्यंत धडक मारली, कारण खूप माणसं एका मोठ्या खोलीत एकत्र वाजल्याचा आवाज दुसरीकडून मिळत नाही. आपल्याकडे चार झीलकऱ्यांपुरती खोली आहे, तेवढी तरी वापरू.

हलगी_कराड भाऊंच्या मुद्द्यासाठी एक काम केलंय. त्यांच्याच वाजवण्यावर केलेलं एक गाणं दोनदा मिक्स केलं: एकात त्यांची हलगी, दुसऱ्यात बाजारातला लूप. त्यांची परवानगी घेतली आहे. दोन्ही फाइली रात्री इथे टाकतो, कुठली कोणती ते सांगणार नाही. दोन्हींचा आवाज मोजून सारखा केलाय, कारण जी थोडी मोठी वाजते तीच कानाला चांगली वाटते. एकदा हेडफोनवर आणि एकदा मोबाइलवर ऐका, दुसरं कडवं संपून मुखडा येतो तिथे लक्ष द्या, आणि पहिली आवडली की दुसरी एवढंच लिहा. रविवारी सगळ्यांची उत्तरं आली की नावं सांगतो, वादकाच्या नावासकट.